आई-बाबांना बुसान: एक दिवस पुरेल का?

नमस्कार मंडळी,
एप्रिलच्या सुरुवातीला आई-बाबा सोलला येताहेत. एक दिवस बुसानला जाऊन समुद्र दाखवावा म्हणते. बाबा फौजेतून निवृत्त, आई पक्की शाकाहारी. सकाळी जाऊन रात्री परत येणं जमेल?

उत्तर १

ताई, जमेल, पण तसं करू नका. केटीएक्स या वेगवान रेल्वेने जाण्यायेण्यातच पाच-सव्वापाच तास जातात. दोन रात्री तरी राहा.

हॅउन्देची चौपाटी एका संध्याकाळी बघून होते. खरं बुसान जुन्या बंदराकडे आहे. १९५०च्या कोरियन युद्धात ही तात्पुरती राजधानी होती आणि देशभरातले निर्वासित इथे येऊन थडकले. सपाट जागा संपली तशी माणसं डोंगरावर चढली. आमी-दोंग या वस्तीत तर जपानी अमलातल्या दफनभूमीवरच घरं उभी राहिली. थडग्यांचे दगड घरांच्या पायात, पायऱ्यांत बसवलेले आहेत, काहींवरची कोरलेली अक्षरं अजून वाचता येतात. गामचनची रंगीत घरं जवळच आहेत, पण आधी हे बघा. चढ दमवणारा आहे. गामचनसाठी तोसंग मेट्रो स्टेशनवरून छोटी बस मिळते.

बाबांना यूएनच्या दफनभूमीत न्याच. संयुक्त राष्ट्रांची अशी दफनभूमी जगात एवढीच. तिथला एक छोटा जलप्रवाह १७ वर्षांच्या ऑस्ट्रेलियन सैनिकाच्या नावाने आहे. आपल्या लष्कराची वैद्यकीय तुकडी, ६० पॅराशूट फील्ड अॅम्ब्युलन्स, नोव्हेंबर १९५०मध्ये बुसानलाच उतरली होती. तिचे प्रमुख लेफ्टनंट कर्नल ए. जी. रंगराज यांना पुढे महावीर चक्र मिळालं. बाबांना हे नक्की ठाऊक असेल, त्यांच्याकडूनच ऐका.

आईंचं जेवण जरा सांभाळावं लागेल. साध्या दिसणाऱ्या सूपातही सुक्या मासळीचा अर्क असतो, किमचीतही (आंबवलेल्या कोबीत) बहुधा मासळी असते. बिबिम्बाप (भाज्या घातलेला भात) मांस आणि अंडं न घालता मागा. नाम्पो-दोंगला बिया आणि साखर भरलेलं गरम होत्तक (गोड पोळीसारखा प्रकार) मिळतं, ते त्यांना आवडेल. चागालचीचा मासळीबाजार मात्र बाबांनी एकट्याने बघावा, वास उग्र असतो.

उत्तर २

शनिवार धरूनच जा. दुपारी यंगदो पूल उचलतात. ताटातूट झालीच तर या पुलापाशी भेटू, असं युद्धात घरंच्या घरं ठरवून निघाली होती. वेळ मात्र आधी तपासा. आणि फोनवर नेव्हर मॅप घ्या, पायी फिरताना तोच कामाला येतो.

उत्तर ३

दोघांचे मनापासून आभार. गुरुवारी निघून शनिवारी पूल बघून परतायचं ठरवलंय. दफनभूमीचं बाबांना फोनवर सांगितलं, ते पहिल्याच दिवशी तिथे जायचं म्हणताहेत. नाम्पो-दोंगजवळ लिफ्ट असलेलं राहण्याचं ठिकाण कुणाला माहीत असल्यास कळवा.