नोकरी सोडून लाकडाच्या लेथवर पोट भरेल का?

भुसा_चाकण

नमस्कार मंडळी, बरेच महिने नुसता वाचतोय, आज विचारूनच टाकतो. वय ४२, चाकणला गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या कंपनीत क्वालिटीला आहे, कॉलेज सुटल्यापासून हेच. लॉकडाऊनमध्ये टाइमपास म्हणून छोटा लेथ (लाकूड फिरवत ठेवून गोल कातायचं मशीन) घेतला आणि आता असं झालंय की शनिवार उजाडायची वाट बघत आठवडा काढतो. बाऊल, पेनस्टँड, भोवरे, देवाजवळ ठेवायच्या कुंकवाच्या डब्या असं बरंच काही केलंय, नातेवाईक आणि ऑफिसवाले विकत पण घेतात (म्हणजे पैसे देतात, पण ते ओळखीचे म्हणून देतात की वस्तू आवडली म्हणून ते कळत नाही). बायको नोकरी करते, घराचा हप्ता अजून आहे, मुलगी नववीत. रो हाऊसच्या पार्किंगमध्ये जागा आहे, गावाकडे जुन्नरजवळ आंब्याची दोन-तीन पडलेली खोडं आहेत. डोक्यात असं आहे की वर्षभरात राजीनामा टाकायचा आणि लहान मुलांची लाकडी खेळणी आणि बाऊल असा छोटा धंदा उभा करायचा. कुणी केलंय का हे, खरंच महिना निघतो का, आणि सुरुवात नेमकी कशानं करायची? गोड गोड सांगू नका, तसं सांगणारे घरी खूप आहेत.

कातारी_तिसरी_पिढी

गोड सांगत नाही मग. आमच्याकडे आजोबांपासून कातकाम, पुण्यात पेठेतच दुकान होतं. आजोबा आणि वडलांनी संसार चालवला तो लाटणी, रव्या, पाळण्याचे खांब, देव्हाऱ्याचे खांब यांच्यावर, बाऊल हा प्रकार त्यांनी बघितला पण नसेल. सांगायचा मुद्दा हा की लेथवर पैसा एका सुंदर वस्तूत नाहीये, एकसारख्या वस्तूंत आहे. एक भोवरा मस्त जमला हा छंद झाला, तसेच चाळीस भोवरे एका मापात, आणि चाळिसावा करताना पण कंटाळा येत नसेल तर धंद्याचं बोलू. तू क्वालिटीवाला आहेस म्हणजे कॅलिपर (जाडी मोजायचं हत्यार) हातात घ्यायची सवय आहे, ही जमेची बाजू धर.

एक करून बघ. प्लायची अरुंद पट्टी घे, तिच्या कडेला जिथे जिथे गोळा, खाच, मान यायला पाहिजे तिथे करवतीनं बारीक खाच पाड. लाकूड आधी सरळ गोल करून घे, मग लेथ फिरत असताना पट्टी टूल रेस्टवर (हत्यार टेकवायच्या आडव्या दांडीवर) टेकवून खाचेत पेन्सिल टेकव, सगळ्या खुणा रेघांसारख्या उमटतात. मग प्रत्येक खुणेवर पार्टिंग टूलनं (अरुंद सरळ पटाशीनं) मापाला लावलेला कॅलिपर वरून सुटेपर्यंत खोल उतरायचं आणि मधला भाग नंतर काढायचा. असे आठ खांब कर आणि शेजारी शेजारी उभे कर. डोळ्याला फरक दिसला नाही तर तू तयार आहेस.

आता धंदा कुठे आहे ते ऐक. जिन्याचे शंभर खांब पाहिजे असतील तर लोक टिंबर मार्केटला कॉपी लेथवर (एका नमुन्यावरून आपोआप तसेच नग काढणाऱ्या मशीनवर) करून घेतात, तिथे तू दरात टिकणार नाहीस, प्रयत्न पण करू नको. पण जुन्या वाड्याच्या कठड्याचा एकच खांब मोडलाय, आजीच्या पलंगाचा एक पाय वाळवीनं खाल्लाय, झोपाळ्याचा लट्टू हरवलाय, असली चार नगांची कामं कॉपी लेथवाला घेत नाही, त्याला सेटिंगलाच परवडत नाही. ही कामं घेणारा माणूस गावात राहिलेला नाही आणि गिऱ्हाईक घासाघीस करत नाही कारण त्याला दुसरीकडे मिळतच नाही. जुनं फर्निचर दुरुस्त करणारे दोन-चार सुतार, एखादा इंटिरियरवाला आणि तबल्याची दुकानं (वादीखाली बसवायचे लाकडी गट्टे लागतात त्यांना) यांच्याकडे चक्कर मार, नमुना घेऊन जा.

आंबेलाकूड_नाशिक

वरच्या दादांचं पटतंय पण बाऊलला एवढं पण कमी लेखू नका हो 😄 मी बँकेत होते, आता पूर्णवेळ हेच करते, मिस्टरांचा पगार चालू आहे हे आधीच सांगते कारण ते न सांगता लोक प्रेरणादायी वगैरे लिहितात आणि वाचणारा फसतो.

भाऊ, तुमची ती आंब्याची खोडं आधी बघा. पडून किती दिवस झाले आणि टोकांना काही लावलंय का? टोकाकडून पाणी पटापट उडतं आणि तिथूनच उभ्या भेगा पडत जातात, म्हणून झाड पडल्या पडल्या दोन्ही टोकांना मेण नाहीतर जुना घट्ट ऑइलपेंट फासायचा. खोडाचे गोल ओंडके म्हणून ठेवू नका, मधोमध गाभ्यातून चिरून दोन अर्धे करा, गाभा काढूनच टाका, भेग तिथूनच सुरू होते. ओल्या लाकडाचा बाऊल दोनदा कातायचा. पहिल्यांदा जाड ठेवायचा, व्यासाच्या दहावा हिस्सा, म्हणजे दहा इंची असेल तर भिंत एक इंच. मग कागदी पिशवीत त्याच्याच भुशात ठेवून द्यायचा आणि दर पंधरवड्याला स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन करून बुडावर पेन्सिलीनं लिहायचं. वजन उतरायचं थांबलं की समजायचं वाळला. तोवर तो अंड्यासारखा लांबट झालेला असतो, ती जाडी त्यासाठीच ठेवलेली असते, दुसऱ्यांदा गोल करून घ्यायचा. आंबा बरा वागतो, बाभूळ फार त्रास देते. आणि आंब्यात पावसाळ्यात बुरशीच्या काळ्या रेघा येतात त्या लोकांना प्रचंड आवडतात, फुकटचं डिझाइन.

अजून एक, कोकणातून किंवा पावसाळ्यात इथून गेलेला बाऊल एप्रिलमध्ये नागपूरला पोचला की तडकतो, हवा कोरडी असते ना तिकडे. त्यामुळे वाळवण्यात घाई म्हणजे रिफंड.

दर कसा लावायचा ते बोलू, इथेच सगळे बुडतात. समजा महिन्याला ४०,००० हातात पाहिजेत. महिन्यात २० दिवस काम धरा, दिवसाला प्रत्यक्ष लेथवर ५ तासच मिळतात, बाकी वेळ धार लावणं, फोटो, पॅकिंग, कुरिअर, लोकांशी फोनवर बोलणं यात जातो. म्हणजे १०० तास, तासाला ४००. एका बाऊलला कातणं, घासणं, तेल धरून ३ तास गेले तर १,२०० मजुरी, लाकूड, सँडपेपर, तेल, खोका याचे २०० धरा, झाले १,४००. दुकानात ठेवायला दिला आणि त्यांनी ४० टक्के ठेवले तर पाटीवरची किंमत २,३०० च्या वर जाते. आता हा बाऊल २,३०० ला घेणारं गिऱ्हाईक चाकणच्या ऑफिसात नाहीये, ते कोरेगाव पार्कच्या प्रदर्शनात आहे नाहीतर बंगलोरला बसून इन्स्टावर बघतंय. ऑफिसवाल्यांनी ५०० ला घेतला म्हणून खूश होऊ नका, तुम्ही त्यांना तासाला शंभर रुपये मजुरीवर काम करून दिलंत.

सीए_पण_सुताराचा_पोरगा

कागदपत्रांचं मी सांगतो कारण खेळणी हा शब्द वाचून दचकलो. १ जानेवारी २०२१ पासून १४ वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांना बीआयएसचा (भारतीय मानक ब्युरोचा) आयएसआय मार्क सक्तीचा आहे, लाकडी खेळणी पण त्यात आली. लायसन्स, टेस्टिंग हे एका माणसाच्या धंद्याला झेपणारं नाही. पण सूट आहे: डेव्हलपमेंट कमिशनर हँडिक्राफ्ट्सकडे नोंदणी असलेल्या कारागिरानं स्वतः बनवून विकलेली वस्तू, आणि जीआय (ठरावीक गावाची खासियत म्हणून) नोंदणी असलेली उत्पादनं. त्यामुळे खेळण्यांकडे जायचं असेल तर आधी कारागीर म्हणून नोंदणी आणि ते पहचान कार्ड, मग विक्री. भोवरा पण खेळणंच आहे बरं का, शोपीस आहे असं म्हणून चालणार नाही.

उद्यम नोंदणी (छोट्या धंद्याची सरकारी नोंद) फुकट आहे, पैसे मागणाऱ्या एजंटला दारात उभं करू नका. पण थांबा, कर्ज काढायचा विचार असेल तर क्रम महत्त्वाचा. पीएमईजीपी ही सरकारची सबसिडीवाली कर्जयोजना फक्त नव्या युनिटला मिळते, म्हणजे आधी धंदा सुरू करून मग अर्ज केला तर गेलं. ओपन कॅटेगरीला शहरात १५ टक्के, ग्रामीण भागात २५ टक्के सबसिडी आणि स्वतःचे १० टक्के घालावे लागतात. तुमचं युनिट जुन्नरला दाखवता आलं तर फरक पडतो, पण मग खरंच तिथे चालवावं लागेल. कारागिरांसाठीच्या पीएम विश्वकर्मा योजनेत सुतार आणि खेळणी बनवणारे दोन्ही आहेत, पण ते स्वतःचा धंदा म्हणून हातानं पारंपरिक काम करणाऱ्यांसाठी आहे, तुम्ही पगारी असेपर्यंत तिथे बसत नाही.

जीएसटीला वस्तूंच्या धंद्यात ४० लाखांपर्यंत नोंदणी लागत नाही, आणि ऑक्टोबर २०२३ पासून नोंदणी नसलेल्याला राज्याच्या आत ऑनलाइन साइटवरून विकता येतं. राज्याबाहेर पाठवायचं झालं तर नियम वेगळे, तेव्हा जवळच्या सीएला भेटा. आणि ती आंब्याची खोडं आपोआप पडली असली तरी तलाठी आणि वनखात्याकडे विचारून मगच टेंपोत घाला. आंबा, फणस, चिंच, साग ही १९६४ च्या झाडतोड कायद्याच्या यादीतली झाडं आहेत, नाक्यावर अडवलं की लाकडापेक्षा तो हेलपाटा महाग पडतो.

भुसा_चाकण

बापरे, एवढं सगळं एका दिवसात. बीआयएसचं काहीच माहीत नव्हतं, भोवरे तूर्त बंद. पट्टीचा प्रयोग काल रात्री केला, आठातले पाच बरे आले, तिघांची मान वेगवेगळी 😅 मॅडम तुमचा हिशोब बायकोला दाखवला, ती म्हणाली हा कागद फ्रिजवर लाव. दोन शंका अजून, एक म्हणजे रंगीत लाखकाम (लाकडावर लाखेचा रंगीत थर चढवायचं काम) शिकायला सावंतवाडीला जावं की चन्नपट्टणला? आणि पार्किंगमध्ये भुसा खूप होतो, शेजारी अजून काही बोलले नाहीत पण बोलतील.

तळकोकणातला

सावंतवाडीचा म्हणून आमच्या बाजूनं बोलायला पाहिजे पण खरं सांगतो, दोन्हीकडची कामं वेगळी. आमच्या चितारआळीत जास्त नाव आहे ते कातून वर हातानं रंगवलेल्या फळांचं, भाज्यांचं, देव्हारे, पाट वगैरेचं. पूर्वी त्याला पांगारा वापरायचे, हलका आणि मऊ, आता तो मिळणं मुश्कील झालंय म्हणून दुसरी लाकडं आली. तुला रंगवायचा हात असेल तर इथे ये. लेथवरची लाख शिकायची तर चन्नपट्टण, बंगलोर-म्हैसूर रस्त्यावर, बंगलोरहून साधारण ६० किलोमीटर. ते लोक काळा कुडा वापरतात, पांढरंशुभ्र आणि बारीक पोताचं लाकूड, त्यामुळे रंग उठून दिसतो. लाखेची रंगीत कांडी फिरत्या लाकडावर दाबली की घर्षणानं तापून वितळते आणि पसरत जाते, मग पामच्या वाळक्या पानानं दाबून चमक आणायची. बघायला सोपं वाटतं पण कांडी कमी दाबली तर ठिपके ठिपके पडतात आणि जास्त दाबली तर सगळी एका जागी गोळा. बंगलोरला मल्लेश्वरमला आयडब्ल्यूएसटी म्हणून लाकडाची सरकारी संस्था आहे, तिथे लाकूडकामाचे छोटे कोर्स असतात, ते धरून दोन्ही एका फेरीत कर.

मात्र चहाचे कोस्टर, कप असलं काही लाखेत करू नको. गरम भांडं ठेवलं की पांढरा डाग, आणि सॅनिटायझर सांडलं तर लाख विरघळते, अल्कोहोल असतं त्यात. खाण्याच्या भांड्याला जवसाचं कच्चं तेल नाहीतर मधमाशीचं मेण.

कातारी_तिसरी_पिढी

जवसाचं निघालं म्हणून सांगतो, तेल पुसलेल्या चिंध्या चुरगाळून कोपऱ्यात टाकायच्या नाहीत, आपोआप तापून पेटतात, खरंच पेटतात. दोरीवर पसरून वाळव नाहीतर पाण्याच्या डब्यात टाक.

भुशाचं शेजाऱ्यांपेक्षा तुझ्या छातीचं बघ. लाकडाचा भुसा कॅन्सर करणाऱ्या गोष्टींच्या पहिल्या गटात, म्हणजे ज्यांनी कॅन्सर होतो हे सिद्ध झालंय त्यांत, धरलाय आणि सगळ्यात वाईट म्हणजे कातताना उडणारा ढलपा नाही, घासताना उडणारी ती पिठासारखी बारीक धूळ, जी दिसत पण नाही. ओढणी-रुमाल बांधून काही होत नाही. चांगला मास्क घे, फिल्टर बदलता येणारा, लेथच्या मागे सक्शनचं तोंड लाव, आणि जमेल तेवढं टूलनंच गुळगुळीत कर म्हणजे ८० नंबरचा खरखरीत सँडपेपर लागणारच नाही. गाऊजला (कातायच्या गोल पन्हळी पटाशीला) धार असेल तर लांब चकली निघते आणि धूळ उडतच नाही, धूळ उडायला लागली की समजायचं ग्राइंडरवर जायची वेळ झाली. हातमोजे घालून लेथवर उभा राहू नको, बाह्या वर, मुलगी बघायला आली तर तिचे केस बांधलेले पाहिजेत.

बाकी राजीनाम्याची तारीख आता ठरवूच नको. दुरुस्तीची कामं शनिवार-रविवारी घेत जा, एका वहीत तास आणि पैसे लिही.

आंबेलाकूड_नाशिक

+१. आणि त्या वहीत ओळखीच्यांकडून आलेले पैसे वेगळ्या पानावर लिहा. अनोळखी लोकांचं पान हप्त्याच्या वर सलग सहा महिने राहिलं तर बॉसशी बोला. अजून एक विचारायचं राहिलं, तुमचा लेथ घरच्या मीटरवर चालतो ना? विक्री सुरू झाली की कनेक्शन बदलावं लागतं का ते महावितरणला विचारून घ्या, शेजारी भुशाबद्दल नाही बोलले तरी मीटरबद्दल कुणीतरी बोलतंच.

भुसा_चाकण

मीटरचं सोमवारी विचारतो. आणि हो, आमच्या गल्लीतल्या एका काकूंनी पाळण्याचा मोडका खांब आणून दिलाय, लाकूड बहुतेक शिसम आहे, जुनं, काळपट. तसंच शिसम मिळालं नाही तर सागावर रंग चढवून चालेल का, की खोटं दिसेल?

कातारी_तिसरी_पिढी

खोटं दिसेल, सागाच्या रेघा मोठ्या. जुन्या बाजारात मोडक्या पलंगाचे पाय शोध, शिसमाचे मिळतात, त्यातूनच कात.