टोनआर्मचं 'वजन' म्हणजे नेमकं कोणतं? मोनो कार्ट्रिजच्या निमित्तानं

मूळ प्रश्न

घरी जुन्या मोनो (डावा-उजवा वेगळा नसलेल्या, एकाच आवाजाच्या) एलपी आहेत आणि त्या नीट ऐकायच्या आहेत, अशा लोकांसाठी मराठीत एक टिपण लिहिते आहे. एचएमव्हीच्या शास्त्रीय संगीताच्या एलपींमध्ये ईएएलपी क्रमांक असला की मोनो, ईएएसडी असला की स्टीरिओ, इथपर्यंत सगळं सुरळीत झालं. पण कोणत्या आर्मला (रेकॉर्डवर फिरणाऱ्या लांब हाताला, म्हणजे टोनआर्मला) कोणती मोनो कार्ट्रिज (त्याच्या टोकाला बसणारा, पिन असलेला भाग) जमेल, हे सांगताना एका वाक्यावर गाडी अडली आहे: "कमी कंप्लायन्सच्या कार्ट्रिजला वजनदार आर्म लागतो." मसुदा वाचून एकांनी विचारलं, "म्हणजे मागचं वजन फिरवून पिनवर जास्त भार द्यायचा ना?" अर्थ पार बदलला! वाचणाऱ्यानं तसंच केलं तर रेकॉर्डचं नुकसान होईल.

इथे 'वजन' सोडून कोणता शब्द वापरावा? कंप्लायन्सला, म्हणजे पिन किती सहज लवते त्या गुणाला, कोशातला 'अनुपालन' चालेल का? आणि कार्ट्रिजला मराठी शब्द शोधावा की तसाच ठेवावा?

प्रतिसाद १

कार्ट्रिज तसाच ठेवा. मराठीत 'काडतूस' आहे, तो पोर्तुगीजमधून आला आणि मुळात त्याच घराण्यातला आहे. पण तो बंदुकीला इतका चिकटलाय की "टर्नटेबलचं काडतूस बदललं" असं कुणी म्हणणार नाही.

'पिन' मात्र जरूर वापरा. "त्याची पिन अडकली" हे आपण रोज म्हणतो. फक्त एक खुलासा टिपणात हवा. ग्रामोफोनच्या साउंडबॉक्सला लावायची ती पोलादी पिन, दर रेकॉर्डला बदलायची. कार्ट्रिजमध्ये बारीक दांडी असते आणि तिच्या टोकाला हिऱ्याचा कण. त्या कणाला 'हिरा' म्हणावं, तो धरणाऱ्या भागाला 'दांडी'. लवते ती दांडी, झिजतो तो हिरा. मोनोच्या बाबतीत हा फरक मोलाचा आहे, कारण हिऱ्याच्या टोकाची गोलाई रेकॉर्डप्रमाणे बदलते. सुरुवातीच्या मोनो एलपींना २५ मायक्रॉन त्रिज्या, पुढच्या काळातल्यांना १८ सुद्धा चालते, आणि बालगंधर्वांच्या किंवा मास्टर दीनानाथांच्या लाखेच्या ७८ फेऱ्यांच्या रेकॉर्डींना ६५ ते ७५. एलपीचा हिरा ७८ च्या रुंद खाचेत तळाशी लोळतो आणि खरखरच जास्त ऐकू येते.

प्रतिसाद २

तुमचा वाचक चुकला नाही, शब्दच अपुरा आहे. आपण 'वजन' हा एकच शब्द तीन गोष्टींना लावतो, म्हणून हा घोळ होतो. तिन्ही वेगळ्या करून बघा.

पहिली गोष्ट, कार्ट्रिज काट्यावर ठेवली की दिसतं ते. ऑर्टोफोनची २एम मोनो ७.२ ग्रॅमची, डेनॉनची डीएल-१०२ चांगली १३ ग्रॅमची. याला 'वजन' म्हणा, काही अडत नाही.

दुसरी, हिरा खाचेवर किती जोरानं टेकतो ती. २एम मोनोला १.८ ग्रॅम, डीएल-१०२ ला ३ ग्रॅमच्या आसपास. याला 'भार' म्हणा आणि पूर्ण टिपणात फक्त याच अर्थानं वापरा. मागचं वजन फिरवून बदलतो तो हा भार.

तिसरी खरी अवघड. आर्म हलवायला किती जड जातो, ती. टोनआर्म म्हणजे शाळेत शिकलो ती तरफच, मध्ये टेकू, पुढे कार्ट्रिज, मागे वजन. तराजू समतोल झाला की काटा मध्यावर येतो, पण दोन्ही पारड्यांत पाच-पाच किलो असतील तर तो हलवायला जोर लागतोच. आर्मचंही तसंच. समतोल केल्यावर हिऱ्यावरचा भार शून्य होतो, हलवण्याचा जडपणा मात्र कायम राहतो. इंग्रजीत याला इफेक्टिव्ह मास म्हणतात, आणि मराठीत मी 'आर्मचं जडत्व' म्हणेन. 'परिणामी वस्तुमान' शास्त्राला धरून आहे, पण वाचकाला त्यातून काही दिसत नाही. 'जडत्व' म्हटलं की हलायला नाखूष असलेली वस्तू डोळ्यांसमोर येते. ते ग्रॅममध्येच सांगतात, हे एकदा लिहिलं की झालं.

जडत्व नुसत्या वजनावर नाही, टेकूपासूनच्या अंतरावर जास्त अवलंबून असतं, तेही अंतराच्या वर्गाच्या पटीत. मागचं वजन भारी असूनही टेकूला चिकटून असेल तर जडत्व थोडंच वाढतं. उलट पुढच्या टोकाला लावलेला एक ग्रॅम पुरा एक ग्रॅम मोजला जातो. टेक्निक्सच्या एसएल-१२०० एमके२ च्या आर्मचं जडत्व १२ ग्रॅम, आणि त्यात एकट्या हेडशेलचं (आर्मच्या टोकाचा, कार्ट्रिज जिथे बसते तो भाग) वजन ७.५ ग्रॅम आहे. म्हणून नुसतं हेडशेल बदलूनही जोडी जमते किंवा बिघडते. एसएमईच्या ३००९ मालिका ३ चं जडत्व ५ ग्रॅमच्या आसपास. दिसायला दोन्ही आर्म सारखेच, स्वभाव निराळे.

आता प्रत्यक्ष मेळ. आर्मचं जडत्व, कार्ट्रिजचं वजन आणि स्क्रूंचं वजन यांची बेरीज करा, तिला कंप्लायन्सच्या आकड्यानं गुणा, वर्गमूळ काढा आणि १५९ ला त्यानं भागा. येतो तो अनुनाद, हर्ट्झमध्ये, म्हणजे आर्म आणि कार्ट्रिज मिळून सेकंदाला जितक्या वेळा आपसूक डुलतात तो आकडा. तो ८ ते १२ च्या दरम्यान हवा. २एम मोनोचा कंप्लायन्सचा आकडा २०. टेक्निक्सवर १२, ७.२ आणि स्क्रूंचा १ मिळून २०.२, म्हणजे अनुनाद ७.९, अगदी काठावर. एसएमईवर ९.८, उत्तम. आता १३ ग्रॅमची, कंप्लायन्स ५ असलेली जुन्या धाटणीची कार्ट्रिज त्याच एसएमईवर लावली तर अनुनाद १६ च्या पुढे जातो आणि खर्जाचा तोल ढळतो. २५ ग्रॅम जडत्वाच्या आर्मवर तीच ११.४ ला येऊन बसते. तुमच्या वाक्याला म्हणायचंय ते हे. त्यात मागचं वजन फिरवण्याचा काही संबंध नाही.

अनुनाद फार खाली गेला तर काय होतं, तेही लिहा. रेकॉर्ड किंचित वाकडी असली की आर्म डुलायला लागतो, आणि गाणं सुरू व्हायच्या आधीच स्पीकरचा पडदा संथपणे आत-बाहेर होताना दिसतो.

प्रतिसाद ३

जडत्व पटलं. अनुपालन नको, ते नियम आणि कायद्यांचं. कंप्लायन्सला 'लवचिकता' म्हणावं. त्याचा अर्थही सरळ सांगता येतो: एक दशांश ग्रॅमचा जोर लावला की हिरा किती मायक्रॉन सरकतो.

पण मोनोसाठी नुसती 'लवचिकता' पुरत नाही. मोनो खाचेतलं गाणं फक्त डाव्या-उजव्या हालचालीत असतं. वर-खाली हालचालीत गाणं नाही, तिथे धूळ आणि झीज. खरी मोनो कार्ट्रिज त्या उभ्या हालचालीतून आवाजच काढत नाही, म्हणून खरखर एवढी कमी होते. ऐकणाऱ्याला हा फरक पहिल्या आलापातच कळतो. १९५८ पासून बाजारात आलेल्या स्टीरिओ रेकॉर्डींत मात्र खाच वर-खालीही हलते. त्याआधीच्या काही मोनो कार्ट्रिजची दांडी उभ्या दिशेनं जवळजवळ ताठ असते, आणि तीच स्टीरिओ रेकॉर्डीवर लावली तर खाच खरवडून निघते. डीएल-१०२ ला उभी लवचिकता दिलेली आहे, म्हणून तिच्यावर स्टीरिओही चालते. टिपणात 'आडवी लवचिकता' आणि 'उभी लवचिकता' असे दोन शब्द वेगळे ठेवा. खरेदी करणाऱ्यानं दुकानात विचारायचा प्रश्नच हा आहे: उभी लवचिकता आहे का?

प्रतिसाद ४

वायरींचं एक वाक्य घाला. डीएल-१०२ ला मागे वायरी जोडायच्या दोनच पिना असतात, हेडशेलमध्ये वायरी चार: पांढरी आणि निळी डाव्या बाजूच्या, तांबडी आणि हिरवी उजव्या. चारही वायरी दोन पिनांवर जोडल्या की दोन्ही बाजूंच्या ग्राउंडच्या वायरी कार्ट्रिजपाशी एक होतात आणि बऱ्याचदा हम, म्हणजे सतत घुमणारा आवाज, येतो. एका बाजूची जोडी सोडून द्यावी आणि मोनोचं बटण दाबावं. इथे 'हम'च लिहा, कारागीरही तेच म्हणतात. 'गुंजन' वाचून कुणाला दोष वाटणार नाही.

मूळ प्रश्नकर्ती

सर्वांचे मनापासून आभार. वाक्य आता असं केलं आहे: "दांडी कडक, म्हणजे आडवी लवचिकता कमी असेल, तर जास्त जडत्वाचा आर्म निवडावा. हिऱ्यावरचा भार मात्र उत्पादकानं सांगितला आहे तेवढाच ठेवावा."

प्रतिसाद २ लिहिणारे

छान झालंय. लवचिकतेच्या आकड्यापुढे तो १० हर्ट्झला मोजलेला की १०० हर्ट्झला, तेही छापा. जपानी उत्पादक बहुतेक वेळा १०० हर्ट्झचा देतात. हिशेबात घेण्यापूर्वी तो साधारण दीडपट ते दुप्पट करावा लागतो, नाहीतर कार्ट्रिज आहे त्याहून कडक समजून लोक नको तेवढ्या जड आर्मच्या मागे लागतील.