कोरोनात नोकरी शोधताना काय काय केलंत? सातारा-सांगलीकरांनो, लिहा

कोरेगावकर (धागाकर्ता)

मंडळी, परवा आमच्या कंपनीत नवीन पोरांच्या मुलाखती होत्या. एकाच्या बायोडाटात एप्रिल २०२० ते जून २०२१ मोकळं होतं. साहेबांनी विचारलं, "या काळात काय केलं?" पोरगा म्हणाला, "सर, कोरोना होता." साहेब म्हणाले, "तो सगळ्यांनाच होता." मला ते लागलं. म्हणून हा धागा.

'सकारात्मक राहा' छापाचं काही नको, ते तेव्हा व्हॉट्सॲपवर पोटभर मिळालं. कुठं अर्ज केला, कुणी शब्द टाकला, किती पगारावर मान डोलावली, कुठला कागद नडला, तेवढं लिहा. कंपनीचं आणि साहेबाचं नाव मात्र घेऊ नका.

माझ्यापासून सुरुवात. मी चाकणला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात क्वालिटीला होतो, ठेकेदाराकडून. २२ मार्चच्या जनता कर्फ्यूच्या आदल्या दिवशी बाइकवरून गावाकडं आलो. जूनमध्ये कारखाना सुरू झाल्याचं कळलं, पण ठेकेदार फोन उचलेना. उचलला तेव्हा म्हणाला, "परमनंटवालेच निम्मे बोलावलेत, तू कुठं मधीच?"

दुसरीकडं बघावं तर जिल्ह्याबाहेर जायला ई-पास. मुलाखतीसाठी पास मागितला की म्हणायचे ऑफर लेटर जोड. ऑफर लेटर मागितलं की कंपनी म्हणायची आधी समक्ष येऊन भेट. सप्टेंबरच्या सुरुवातीला ई-पास उठला, त्याच आठवड्यात शिरवळच्या चार-पाच गेटांवर बायोडाटा देऊन आलो. वॉचमननं घेतले आणि एका पुठ्ठ्याच्या खोक्यात टाकले. ते खोकं आधीच भरलेलं होतं. नोकरी शेवटी तिथंच मिळाली, पण खोक्यातून नाही. चाकणच्या एका जुन्या सुपरवायझरनं तिथं जॉइन झाल्यावर मला बोलावून घेतलं. पगार आधीच्यापेक्षा कमी. घरी मात्र आधीएवढाच सांगितला.

भट्टीवाला

कुपवाड. माझं बी.कॉम. झालंय, ते आधीच सांगतो, कारण पुढं त्याचा काही उपयोग नाही.

मेमध्ये यूपी-बिहारची माणसं गावी गेली आणि एमआयडीसीतल्या फौंड्र्यांना, म्हणजे लोखंड ओतणाऱ्या कारखान्यांना, माणूस मिळेना. सगळीकडं 'आता भूमिपुत्रांना संधी' चाललेलं. सरकारनं ६ जुलै २०२० ला महाजॉब्स पोर्टल काढलं. मीही नाव नोंदवलं, डोमिसाईल शोधायला घरातली ट्रंक उपसली. अकाउंटंटच्या जागेसाठी कुणाचा फोन आला नाही. फोन आला तो फौंड्रीतल्या फेटलिंगसाठी, तोही गल्लीतल्या एका काकांकडून.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: ओतकाम झालं की कास्टिंगच्या कडांना लोखंडाची जास्तीची कोर राहते, ती हातातल्या ग्राइंडरनं घासून काढायची. गॉगल, कानात बोळे, वर मास्क. पहिल्या दिवशी घरी येऊन नाक शिंकरलं तर रुमाल काळा झाला. हात रात्रभर थरथरत होते, भाकरी मोडता येईना. आई म्हणाली, सोड. वडील काही बोलले नाहीत, कारण त्यांच्या रिक्षाचा हप्ता होता. बँकेनं ऑगस्टपर्यंत हप्ते पुढं ढकलले होते, पण व्याज थोडंच थांबतंय?

'आपली पोरं कष्टाची कामं करत नाहीत' असं पेपरात लिहिणाऱ्यांनी एक शिफ्ट फेटलिंगला उभं राहून बघावं. आम्ही केलं. दिवाळीनंतर जुनी माणसं परत आली, त्यांचा हात आमच्या दुप्पट चालायचा, मालकानं त्यांना घेतलं. मी त्याला दोष देत नाही. पण तोवर ऑफिसातल्या बाईंशी ओळख झाली होती. जीएसटीची बिलं लावायला त्यांना माणूस हवा होता. आता तिथंच आहे, खुर्चीवर.

गलाईवाला

विट्याजवळचं गाव. आमच्याकडं खानापूर-आटपाडीत घरटी एक तरी माणूस गलाईत असतोय. सराफाचं जुनं सोनं घ्यायचं, मुशीत वितळवायचं, तेजाबात टाकून शुद्ध करून द्यायचं. मी कोइमतूरला मामाच्या दुकानात होतो. सराफ कट्टा बंद म्हटल्यावर आमचं काय? मेमध्ये चौघांनी मिळून गाडी केली, पास काढला, गावात आल्यावर शाळेत क्वारंटाइन. लहानपणी ज्या वर्गात मार खाल्ला त्याच वर्गात झोपलो.

मग नोकरी शोधायला लागलो तर सगळीकडं एकच प्रश्न, अनुभवाचा दाखला? अहो, दहावीपासनं सोनं हातात खेळवतोय. पण मामा काय भाच्याला पगाराची स्लिप देतोय होय! पीएफ नाही, नंबर नाही, काहीच नाही. कागदावर मी दहावीनंतर रिकामा बसलेला माणूस. एका पतसंस्थेत सोनं तपासायला माणूस पाहिजे होता. गेलो, डागिना नुसता हातात घेऊन सांगितलं की हलका आहे. खरा निघालो. तरी घेतलं नाही, प्रमाणपत्र लागतंय म्हणे.

शेवटी रोजगार हमीवर गेलो. तेव्हा २३८ रुपये रोज होता. बांधावर माती टाकताना शेजारी गावातलाच एक इंजिनियर पोरगा, तोंडाला कापड बांधून. मास्कमुळं ओळखू येत नाही हे बरं होतं म्हणायचा. नंतर विट्यात यंत्रमागावर काही महिने काढले आणि दुकानं उघडल्यावर परत कोइमतूर.

मिरजकर काका

गलाईवाले, तुमचं वाचून वाईट वाटलं. कागद असला की काय होतं ते माझ्या बाबतीत लिहितो, अजून कुणाला उपयोग होईल.

माझं ईएसआयसी, म्हणजे कामगार विम्याचे पैसे, पगारातून कापलं जायचं. काम सुटल्यावर कुणीतरी अटल बीमित व्यक्ती कल्याण योजनेचं सांगितलं, त्यात नोकरी गेलेल्या विमाधारकाला भत्ता मिळायचा. आधी २५ टक्के होतं, कोरोनात सरासरी मजुरीच्या ५० टक्के केलं, जास्तीत जास्त ९० दिवसांसाठी. निदान दोन वर्षं विमा असावा लागायचा. काम सुटल्यापासून ३० दिवसांनी अर्ज करता यायचा, आणि मालकाची सही लागत नव्हती, हे महत्त्वाचं. ऑनलाइन अर्ज, मग कागद शाखेत नेऊन द्यायचे. आयुष्यात एकदाच मिळायचं.

पीएफमधूनही तेव्हा परत न भरायची उचल मिळत होती. तीन महिन्यांचा मूळ पगार आणि महागाई भत्ता, किंवा खात्यातल्या रकमेच्या ७५ टक्के, दोन्हींत जे कमी ते. माझी अडकली, कारण आधारवर आणि यूएएनवर, म्हणजे पीएफच्या नंबरवर, नावाचं स्पेलिंग वेगळं. आजही पोरांना सांगतो, नोकरी आहे तोवर केवायसी बघून घ्या. सुटल्यावर कंपनीतला क्लार्क ओळख देत नाही.

टेबललँड

पाचगणी, हॉटेलात फ्रंट ऑफिसला होते. आमचा सगळा धंदा एप्रिल-मेवर. तोच गेला. ८ जुलैपासून ३३ टक्के क्षमतेनं हॉटेलं उघडायला परवानगी मिळाली खरी, पण वर कोरेगावकरांनी लिहिलेला ई-पास चालूच होता, पाहुणा येणार कुठून? मालकांनी स्वच्छ सांगितलं, बाई, दुसरं काही मिळालं तर घ्या.

आरोग्य विभागाची जाहिरात दिसली, डाटा एंट्री, कंत्राटी, तीन महिने. टायपिंगचं सर्टिफिकेट आणि एमएस-सीआयटी दोन्ही होतं. कॉलेजात असताना वडिलांनी बळजबरीनं करायला लावलेलं. सासूबाई म्हणाल्या, "नोकरी कर गं, पण हीच कशाला?" नवऱ्याचं वर्कशॉप बंद होतं, त्यामुळं चर्चा लांबली नाही.

काम असं: स्वॅब घेणारे आत, मी बाहेर मंडपात लॅपटॉप घेऊन. नाव, वय, गाव, मोबाइल भरायचा, मग एसआरएफ आयडी, म्हणजे त्या नमुन्याचा नंबर यायचा, तो नळीवर लिहायचा. पावसात शाई पसरायची, मग वरून सेलोटेप. खरी अडचण मोबाइल नंबरची. अख्ख्या घराला एकच नंबर, कधी कधी तोही गावातल्या किराणा दुकानाचा. पॉझिटिव्ह कोण ते घरच्यांच्या आधी दुकानदाराला कळायचं. माणसं मला हळूच विचारायची, "ताई, नंबर चुकवला तर चालंल का?"

मुदत संपली, वाढवली, परत संपली, दुसऱ्या लाटेत परत बोलावलं. मग एक दिवस 'उद्यापासून येऊ नका' असा ग्रुपवर मेसेज. कोविड योद्धा म्हणून सर्टिफिकेट मिळालंय, लॅमिनेशन आम्हीच केलं.

कऱ्हाडचा

लॅपटॉपसाठी आधी डिपॉझिट भरा, मग वर्क फ्रॉम होम सुरू, असा फोन कुणाकुणाला आला होता? आमच्या गल्लीत तीन जणांना, आवाज एकच.

अभ्यासिका बंद

एमपीएससीवाला, सांगली. राज्यसेवा पूर्व ५ एप्रिल २०२० ला होती, शेवटी झाली २१ मार्च २०२१ ला. मध्ये किती तारखा आल्या-गेल्या ते आठवायची इच्छा नाही. नातेवाइकांना 'परीक्षा झाली का रे' हे सोडून प्रश्न नव्हता.

तासगावची सून

आमच्या ह्यांची पुण्याची नोकरी गेली तशी मी बेदाणा निवडायला शेडवर जायला लागले. दोघांनीही शोधली, मला आधी मिळाली. ते मात्र घरी बसून रोज नोकरीच्या पोर्टलवर 'व्ह्यूड', म्हणजे अर्ज कुणी उघडला का, ते बघायचे. पोरांचा ऑनलाइन वर्ग त्यांनीच सांभाळला, एवढं कबूल करते.

स्पिंडल

मी समोरच्या खुर्चीवरचा. सातारा एमआयडीसीत छोटं मशीनशॉप आहे. २०२० च्या पावसाळ्यात एक सीएनसी (कॉम्प्युटरवर चालणारं मशीन) ऑपरेटर पाहिजे म्हणून ग्रुपवर टाकलं, रात्री फोन बंद करून ठेवावा लागला. हेल्परच्या पगारावर एम.टेक.वाले तयार. त्यांना घेतलं नाही. गर्विष्ठ म्हणा हवं तर, पण तो माणूस तीन महिन्यांत जाणार हे दिसत होतं आणि माझ्याकडं शिकवायला वेळ नव्हता.

बायोडाटे वाचलेच नाहीत. जो आला त्याच्या हातात मायक्रोमीटर (बारीक माप घ्यायचं साधन) आणि एक जॉब, म्हणजे मशीनवर केलेला भाग दिला, माप सांग म्हटलं. बऱ्याच जणांनी टोकाचा रॅचेट हलके फिरवायचा सोडून मधला थिंबलच आवळला, त्यानं माप चुकतं. दोघांनी नीट घेतलं, त्यातल्या एकाकडं आयटीआयसुद्धा नव्हतं. दोघांनाही घेतलं, खरं तर जागा एकच होती. एक अजून आहे, सेकंड शिफ्ट तोच बघतो. दुसरा २०२२ ला चाकणला गेला, दीडपट पगारावर. रिलिव्हिंग लेटर आणि अनुभवाचा दाखला त्याला त्याच दिवशी टाइप करून दिला.