विमानात प्रसंग ओढवला की क्रू नेमकं काय करतो? इंदूरकरांचा अनुभव धागा

धागा सुरू करताना

आपल्या इंदूरच्या मराठी घरांतली बरीच मुलं-मुली आता केबिन क्रूच्या नोकरीत आहेत. दुसरीकडे सुदामा नगर, लोकमान्य नगरातले आजी-आजोबा पुण्या-मुंबईच्या मुलांकडे विमानानं जाऊ लागलेत. तरी ‘विमानातली मुलगी म्हणजे चहा-पाणी देणारी’ हा समज काही सुटत नाही. ज्यांनी हे काम केलंय, शिकवलंय किंवा जवळून पाहिलंय त्यांनी इथे लिहावं. एक विनंती, ‘माझ्यासोबत एकदा काय झालं’ असे किस्से नकोत. काय करतात, कोणत्या क्रमानं आणि का, एवढंच लिहा.

माजी लीड क्रू, रामबाग

सुरुवात दारापासून करते, कारण निम्मं काम तिथेच होतं. दारात उभी राहून क्रू नमस्कार करते तेव्हा ती प्रत्येकाला तपासत असते. चाल, डोळे, श्वासाचा वास, आणि प्रश्नाला उत्तर कसं येतंय ते. म्हणून नुसतं बोर्डिंग पास बघून सोडत नाहीत, ‘सीट कितवी?’ असं विचारतात. प्यायलेल्या माणसाची जीभ तिथे अडखळते. देशांतर्गत विमानात दारू देतच नाहीत, त्यामुळे चढलेला माणूस ती जमिनीवरूनच घेऊन आलेला असतो आणि वर गेल्यावर त्याची नशा कमी होत नाही.

शंका आली की लीडला, म्हणजे क्रूच्या प्रमुखाला, सांगायचं, लीड कॅप्टनला सांगते आणि दार बंद व्हायच्या आधी त्या प्रवाशाला उतरवतात. त्याची चेक-इन बॅगही विमानाच्या पोटातल्या सामानातून शोधून काढावी लागते, मालक नसलेली बॅग विमानात ठेवत नाहीत. उशीर होतो, बाकीचे चिडतात, पण इंदूर-मुंबईसारख्या सव्वा तासाच्या फ्लाइटमध्ये हवेत चौघांनी एका दांडग्या माणसाला आवरण्यापेक्षा ते बरं. चौघंच का, तर ५० सीटांमागे एक असा हिशोब आहे. १८० सीटांच्या एअरबसवर ४, आपल्याकडे येणाऱ्या एटीआरवर, म्हणजे पंख्यांच्या छोट्या विमानावर, २.

वाद सगळ्यात जास्त होतात ते वरच्या सामानाच्या कप्प्यावरून. इंदूरहून निघणाऱ्या विमानात शेव-नमकीनचे डबे असायचेच, आणि केबिन बॅगचं ७ किलोचं माप काट्यावर असतं, हातात नसतं. क्रू बॅग उचलून देत नाही ते उर्मटपणामुळे नव्हे. दिवसाला चार फ्लाइट आणि प्रत्येक फ्लाइटला वीस बॅगा उचलल्या तर पाठ कायमची जाते. जड वस्तू सीटखाली ठेवा, कप्पा उघडताना ती डोक्यावर पडते.

केबिन क्रू प्रशिक्षक, पलासिया

ताईंनी दाराचं लिहिलं, मी आतलं लिहितो. चिडलेल्या प्रवाशाशी बोलण्याची एक रीत आहे आणि ती नवीन मुलांकडून पुन्हा पुन्हा घोटून घ्यावी लागते.

आधी यादीतून नाव बघायचं आणि आडनावानं ‘जी’ लावून हाक मारायची. उभं राहून वरून बोलायचं नाही, गुडघ्यावर बसून डोळे त्याच्या पातळीला आणायचे. पहिलं अर्धं मिनिट फक्त ऐकायचं. मग त्याचंच म्हणणं त्याला परत सांगायचं: ‘तुम्हाला खिडकीची सीट हवी होती, मिळाली नाही.’ त्यानंतर आपल्या हातात असलेले दोन पर्याय द्यायचे. ‘शांत व्हा’ हे दोन शब्द चुकूनही तोंडातून काढायचे नाहीत, त्यानं माणूस आणखी पेटतो. बोट दाखवायचं नाही, खांद्याला हात लावायचा नाही. पारा उतरत नसेल तर दुसरा क्रू पाठवायचा, कारण बऱ्याचदा राग एका चेहऱ्यावर अडकलेला असतो. तिथे पहिल्यानं मागे हटण्यात कमीपणा नाही.

नवशिके चुकतात ते एकाच ठिकाणी. जे आपल्या हातात नाही ते देऊन बसतात. ‘बघते, बदलून देते’ म्हटलं आणि दहा मिनिटांनी नाही म्हटलं, की साधी तक्रार भांडण होते.

एवढ्यानं भागलं नाही तर तोंडी ताकीद, मग कॅप्टनच्या संमतीनं लेखी ताकीद. डीजीसीए म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालय, त्याच्या २०१७ च्या नियमावलीत तीन पातळ्या केल्या आहेत. शिवीगाळ, हातवारे, दारूचा धिंगाणा ही पहिली, तिला ३ महिन्यांपर्यंत प्रवासबंदी. धक्काबुक्की, मारणं, लैंगिक छळ ही दुसरी, ६ महिन्यांपर्यंत. जीवघेणा हल्ला किंवा कॉकपिटमध्ये घुसण्याचा प्रयत्न ही तिसरी, किमान २ वर्षं. निर्णय विमान कंपनीची समिती ३० दिवसांत देते आणि तिचे अध्यक्ष निवृत्त जिल्हा व सत्र न्यायाधीश असतात. म्हणून क्रूनं घटनेच्या वेळीच वेळ, सीट नंबर, तोंडचे शब्द जसेच्या तसे आणि आजूबाजूच्या दोन साक्षीदारांच्या सीटा लिहून ठेवायच्या. ‘प्रवासी असभ्य वागला’ एवढं लिहिलेला रिपोर्ट समितीपुढे टिकत नाही.

प्रशिक्षकांना पुरवणी: माजी क्रू, संयोगितागंज

प्रवाशाला बांधण्याची वेळ आली तर. कॅप्टनची परवानगी लागते. एकट्यानं जायचं नाही, धडधाकट आणि शुद्धीत असलेल्या सहप्रवाशांची मदत मागायची. माणसाला पालथं पाडून पाठीवर बसायचं नाही, श्वास कोंडून जीव जातो. त्याला सीटवर बसवायचं, पट्टा आवळायचा, दारापासून लांब ठेवायचं. हात बांधायच्या प्लास्टिकच्या पट्ट्या मनगटाला रुतल्या नाहीत ना, बोटं निळी पडली नाहीत ना, हे बघत राहायचं. पट्टी कापायचं कटर हाताशी हवंच. इमर्जन्सीत त्यालाही बाहेर काढायचं असतं.

सेफ्टी इन्स्ट्रक्टर, विजय नगर

आगीवर लिहितो, कारण आज केबिनमध्ये सगळ्यात मोठी भीती पॉवर बँकेची आहे. लिथियम बॅटरीचा एक सेल तापला की त्याची उष्णता शेजारच्या सेलला पेटवते, तो पुढच्याला. म्हणून ज्वाळा विझली तरी आग संपलेली नसते.

तिघं तीन कामं वाटून घेतात. ज्यानं पाहिलं तो लढतो, दुसरा इंटरकॉमवर कॅप्टनला सांगतो, तिसरा सामान आणून देतो. कॅप्टनला ‘आग लागलीय’ म्हणून चालत नाही. कुठे, कशाची, धुराचा रंग काय, वास कसा, आपण काय केलं, हे सगळं सांगावं लागतं, कारण कुठे उतरायचं हे तो त्यावर ठरवतो.

आधी हॅलॉनचा, म्हणजे आग विझवणाऱ्या वायूचा, सिलिंडर, ज्वाळांच्या मुळाशी. हॅलॉन ज्वाळा मारतो पण बॅटरी थंड करत नाही. म्हणून लगेच पाणी, भरपूर. पाणी संपलं तर ज्यूस, सोडा, दारू नसलेलं काहीही. बर्फ टाकायचा नाही. बर्फ वरून झाकण घालतो, उष्णता आतच कोंडते आणि पुढचे सेल पेटतात. धूर येत असताना वस्तू उचलायची किंवा हलवायची नाही. फुसफुस आणि धूर थांबून दहा-पंधरा मिनिटं गेली की मगच पाणी भरलेल्या डब्यात बुडवायची, आणि उतरेपर्यंत एकानं तिच्यावर नजर ठेवायची. डोक्यावर चढवायचा धूररोधक मुखवटा साधारण १५ मिनिटं चालतो, तेवढ्यात माणूस बदलायला हवा.

फोन सीटच्या फटीत पडला तर सीट पुढे-मागे करू नका. क्रूला बोलवा. यंत्रणेत चिरडलेला फोन तिथेच पेटतो.

आपली पॉवर बँक चालेल का, याचा घरी हिशोब करायची रीत: तिच्यावर लिहिलेले मिलिॲम्पिअर-अवर (mAh) गुणिले ३.७, भागिले १०००, म्हणजे वॉट-अवर. २०,००० ची पॉवर बँक ७४ वॉट-अवर भरते, चालते. ३०,००० ची १११ होते, तिला कंपनीची परवानगी लागते. १६० च्या वर मुळीच नाही. आणि चेक-इन बॅगेत कोणतीच नाही, कारण पोटात पेटली तर तिच्यावर पाणी ओतायला कुणी नसतं.

टॉयलेटचंही सांगतो. बाहेरून धूर दिसला तर दाराला आधी हाताची मागची बाजू लावून बघायची, तळवा भाजला तर पुढे सिलिंडर धरता येत नाही. दार गरम असेल तर सताड उघडायचं नाही. नोझल जाईल एवढी फट, हॅलॉन आत, दार बंद. धूम्रपानाला बंदी असूनही दाराशी ॲशट्रे असते ती चुकून राहिलेली नाही. कुणी नियम मोडलाच, तर थोटूक कागदांच्या कचरापेटीत जाऊ नये म्हणून ती आहे. ११ जुलै १९७३ ला पॅरिसजवळ व्हारिग या ब्राझीलच्या कंपनीच्या बोइंगमध्ये मागच्या टॉयलेटात लागलेल्या आगीनं १२३ जणांचा जीव घेतला.

डॉक्टर, स्नेहलतागंज

वैद्यकीय प्रसंगांत सगळ्यात जास्त दिसते ती घेरी. केबिनमधली हवा सहा ते आठ हजार फुटांच्या डोंगरावर असावी तेवढी विरळ असते. त्यात पहाटेची फ्लाइट, एकादशीचा उपास, पाणी न पिणं. क्रू त्याला आडवं करते, पाय उंच ठेवते, कपडे सैल करते. बहुतेक जण काही मिनिटांत सावरतात. ऑक्सिजन द्यायचा तर आधी ओठांवरची लिपस्टिक, तेलकट क्रीम पुसायचं, शुद्ध ऑक्सिजनमध्ये स्निग्ध पदार्थ पेट घेऊ शकतो.

मधुमेही माणूस घामाघूम होऊन बडबडत असेल आणि शुद्धीत असेल, तर साधारण १५ ग्रॅम साखर, म्हणजे ५ ग्रॅमच्या तीन पुड्या, पाण्यात किंवा ज्यूसमध्ये. बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालायचं नाही. इन्सुलिन आणि रोजच्या गोळ्या हातातल्या पिशवीत ठेवा, एवढं आजी-आजोबांना नक्की सांगा.

हृदय थांबलं तर सीटांमधल्या अरुंद वाटेपेक्षा गॅलीची, म्हणजे विमानातल्या छोट्या स्वयंपाकघराची, जमीन बरी. छातीवर ३० दाब, तोंडानं २ श्वास, मिनिटाला १०० ते १२० दाब, खोली ५ सेंटिमीटर. दर दोन मिनिटांनी माणूस बदलायचा, कारण दमलेला हात पुरेसा खोल जात नाही आणि दमलेल्याला ते कळत नाही. आपण डॉक्टर असाल तर ओळखपत्र दाखवायला संकोच नको. इमर्जन्सी किट उघडण्याआधी क्रू ते विचारते, ते तिचं कामच आहे.

माजी लीड क्रू, रामबाग (पुन्हा)

ऑक्सिजनचे मास्क आणि संकटात विमानाबाहेर पडणं राहिलं. केबिनमधली हवा १४,००० फुटांवर असते तेवढी विरळ झाली की मास्क आपोआप पडतात. ते नुसते लटकत असताना ऑक्सिजन सुरू होत नाही, ओढावे लागतात. पिशवी फुगली नाही तरी हवा येत असते. जळका वास येतो, कारण वर बसवलेलं, ऑक्सिजन तयार करणारं रसायन तापलेलं असतं. पुरवठा साधारण १२ ते १५ मिनिटांचा, तेवढ्यात पायलट दहा हजार फुटांवर आणतो. ३५,००० फुटांवर शुद्धीचा वेळ अर्धा ते एक मिनिट. म्हणून आईनं आधी स्वतःला लावायचा. बाळाला लावता लावता ती कोसळली तर दोघंही जातात.

बाहेर पडताना क्रू दार उघडण्याआधी खिडकीतून बघते. बाहेर आग असेल तर ते दार बंदच राहतं, कितीही धक्के मारलेत तरी. एअरबसवर घसरगुंडी आपोआप फुगते, नाही फुगली तर लाल हँडल ओढायचं. एटीआर जमिनीला इतकं जवळ असतं की घसरगुंडी नसतेच, आणि प्रवाशांचं मुख्य दार मागे असतं, म्हणून पुढे धावायची सवय तिथे उपयोगाची नाही. विमानाची परीक्षा घेताना निम्म्या दारांनी ९० सेकंदांत सगळे बाहेर पडून दाखवावे लागतात, पण त्या परीक्षेत कुणी वरच्या कप्प्यातून बॅग काढत नाही. एकानं बॅग काढली की मागची रांग थांबते.

टेकऑफ-लँडिंगला क्रू पाठ ताठ करून गप्प बसलेली दिसते, तेव्हा तिच्याशी बोलू नका. ती मनात उजळणी करत असते: माझं दार कोणतं, हँडल कुठल्या बाजूला फिरतं, बाहेर काय बघायचं, हाका कोणत्या मारायच्या, आणि या रांगांतला कोण मला मदत करू शकेल.