'एकोज'मधला वारा काढायचा की ठेवायचा?

वक्तशीर:
पिंक फ्लॉइड हा इंग्लिश रॉक बँड बारा वर्षं ऐकतोय, तरी स्पष्ट सांगतो. त्यांचं 'एकोज' हे गाणं साडेतेवीस मिनिटांचं असायची काही गरज नव्हती. अकराव्या मिनिटानंतर वारा सुटतो, पक्षी ओरडतात आणि बराच वेळ दुसरं काहीच घडत नाही. २००१ च्या त्यांच्या स्वतःच्या संकलनात हे गाणं साडेसोळा मिनिटांवर आलं. तिथे सात मिनिटं कापलेली चालतात, मग आपणच का कवटाळून बसायचं?

नव्वदची कॅसेट:
उत्तर दिल्याशिवाय राहवत नाही. कॉलेजात असताना गावातल्या एका दुकानातून 'मेडल' हा अल्बम भरून घेतला होता, 'एकोज' त्याचं शेवटचं गाणं. दुकानदाराने नव्वदच्या कॅसेटच्या एकाच बाजूत सगळा अल्बम बसवला. बाजू ४५ मिनिटांची, अल्बम पावणेसत्तेचाळीसचा. शेवटी खटकन बटण वर यायचं. सहा वर्षं मला वाटत होतं की गाणं तिथेच संपतं. सीडी मिळाली तेव्हा कळलं, त्या खटक्याच्या पलीकडे आवाज वर वर चढतच राहतात, कुठे टेकत नाहीत, नुसते लांब जातात. त्या रात्री मी तेवढाच भाग पाच-सहा वेळा ऐकला. तेव्हापासून गाणं कापायची भाषा कोणी केली की माझं डोकं फिरतं.

आणि 'काही घडत नाही' म्हणजे काय? गिटारवादक गिलमरचं वा-वा पेडल (गिटारचा आवाज पायाने बदलायचं यंत्र) उलटं जोडलंय, गिटारची वायर भलत्याच बाजूला. त्यातून ती किंकाळी निघते. पंधराव्या मिनिटाच्या आसपास पियानोचा सुरुवातीचा तो एकटा ठिपका परत येतो ना, तेव्हा अंगावर काटा येतो तो आधीच्या चार मिनिटांच्या अंधारामुळे. अंधार काढा, उरेल नुसती टिंग.

वक्तशीर:
कॅसेटची आठवण छान आहे, पण आठवण म्हणजे पुरावा नव्हे. हे सलग गाणं म्हणून सुचलेलंच नाही. स्टुडिओत सुटे तुकडे जमवले, त्यांना 'नथिंग' म्हणून आकडे दिले, मग जोडले. मला तो जोड ऐकू येतो. इटलीतल्या पाँपेईच्या प्राचीन अॅम्फिथिएटरमधल्या चित्रीकरणात तर त्यांनीच गाणं मधोमध तोडून अर्धं सुरुवातीला, अर्धं शेवटी लावलं.

लेस्ली:
तुम्हा दोघांचं गिलमर आणि घड्याळ चालू द्या. तो पहिला ठिपका कोणाचा, हे एकानेही लिहिलं नाही. कीबोर्डवादक रिचर्ड राईटचा! पियानोचा एकच स्वर लेस्ली स्पीकरमधून (त्यात भोंगा गरगर फिरतो) फिरवलाय, म्हणून तो पाण्याखालून आल्यासारखा वाटतो. गाण्यात गिलमरच्या जोडीने आवाजही त्याचाच. पण फ्लॉइड म्हटलं की बास गिटारवाला वॉटर्स नाहीतर गिलमर. याच माणसाला 'द वॉल' अल्बमच्या वेळी वॉटर्सच्या हट्टापायी बँडबाहेर काढलं आणि दौऱ्यावर पगारी वादक म्हणून नेलं.

तळमजला:
झालं, आला वॉटर्स! ताई, 'एकोज'चे शब्द वॉटर्सचेच आहेत. अनोळखी माणसं रस्त्यात एकमेकांसमोरून जातात आणि नजरेत स्वतःलाच ओळखतात, हे त्याने लिहिलं नसतं तर तुमच्या ठिपक्याला पुढे जायला वाट नव्हती.

लेस्ली:
शब्द त्याचे, मान्य. माणूस म्हणून कसा वागला, ते बोलतेय मी.

तळमजला:
तुम्ही होतात का त्या खोलीत? राईटचं त्या काळात कामात लक्ष नव्हतं, हे बाकीच्यांनीही सांगितलंय. दरवेळी कोणतंही गाणं निघालं की हेच रडगाणं.

लेस्ली:
रडगाणं? २००६ मध्ये पोलंडमधल्या ग्दान्स्कच्या गोदीत गिलमर आणि राईट यांनी हे एकत्र वाजवलं. २००८ मध्ये राईट गेला. २०१६ मध्ये गिलमर पाँपेईला परत गेला, त्याच अॅम्फिथिएटरमध्ये, आणि 'एकोज' वाजवलं नाही. राईटशिवाय ते होत नाही, असं तो स्वतः म्हणतो. माझे बाबा गेले त्या वर्षी मी ग्दान्स्कचं चित्रीकरण कितीदा पाहिलं, त्याची मोजदाद नाही. दोन म्हातारी माणसं एकमेकांचं ऐकत वाजवतायत. याला रडगाणं म्हणणाऱ्याशी मला बोलायचं नाही.

तळमजला:
बाबांचं माहीत नव्हतं. तो शब्द मागे घेतो. वॉटर्सबद्दलचं मत मात्र तेच आहे.

नव्वदची कॅसेट:
मूळ मुद्दा वाऱ्याचा होता. वक्तशीर, शेवटचं सलग कधी ऐकलंत? बसमध्ये नाही, घरी.

वक्तशीर:
काल रात्री ऐकलं. दिवा बंद करून, हेडफोन लावून. ठीक आहे, वारा राहू द्या. ठिपका परत येताना मी श्वास रोखून बसलो होतो, हे कबूल करतो. पण त्याच्या आधीचा, सातव्या मिनिटापासूनचा ठेका ताणलाय. त्यातली दोन मिनिटं मी आजही काढीन.

नव्वदची कॅसेट:
त्या ठेक्याला हात लावायचा नाही. वेगळा धागा काढा, तिथे येतो.