भालचंद्र नेमाडे आधी प्राध्यापक की आधी कादंबरीकार?

पेठेतला_पाहुणा:
रविवारी कोथरूडला आमच्या वाचनकट्ट्यावर नेमाड्यांवर दहा मिनिटं बोलायचंय. मी लिहून ठेवलेलं की इंग्रजी शिकवता शिकवता कादंबरीकडे वळले, तर कट्ट्यावरच्या एक काकू म्हणाल्या, उलटं आहे रे. त्यांची पहिली कादंबरी कोसला वाचलीय, हॉस्टेलवर असताना, पण नोकरीबिकरीचं काहीच माहीत नाही. कुणी नीट सांगा ना, विकीपीडियाची लिंक नको प्लीज.

खान्देशी_भरीत:
काकू बरोबर. जन्म १९३८, आमच्या खान्देशातलं सांगवी. कोसला १९६३ ची, म्हणजे गडी २५ चा आणि कोसलाचा नायक पांडुरंग सांगवीकरही २५ चाच, उदाहरणार्थ वगैरे 😄 फर्ग्युसन, मग डेक्कन कॉलेजात भाषाशास्त्र, मुंबईचं इंग्रजी एमए. शिकवणं कोसलानंतरचं. नगर, धुळे, औरंगाबाद, मधे लंडन, मग गोवा, शेवटी मुंबई विद्यापीठात तौलनिक साहित्य.

सीएचबी_कामगार:
मी तासिका तत्त्वावर इंग्रजी शिकवतो त्यामुळे मला कोसलापेक्षा चांगदेव पाटील जवळचा, नेमाड्यांच्या पुढच्या चार कादंबऱ्यांचा नायक. बिढार आणि हूल १९७५, जरीला ७७, झूल ७९. हा पण इंग्रजीचाच प्राध्यापक, या गावातनं बिऱ्हाड उचललं की त्या गावात, तिथेही तेच संस्थाचालक, तीच जात, स्टाफरूममधे त्याच कुचाळक्या. नोकरीनं लेखक नाही घडवला, माल पुरवला असं म्हण. माझी झूल अलका टॉकीजजवळ जुन्यात मिळाली, आत कुठल्याशा कॉलेज लायब्ररीचा शिक्का आणि मार्जिनमधे पात्रांपुढे पेन्सिलीनं आद्याक्षरं. कुणीतरी आपला अख्खा स्टाफ बसवला होता त्यात. एक आद्याक्षर खोडून दुसरं टाकलंय, बहुतेक प्राचार्य बदलले असणार.

खान्देशी_भरीत:
😂😂 आणि गंमत बघा, साहित्य अकादमी मिळाला तो १९९० मधे टीकास्वयंवरला, म्हणजे समीक्षेला, मास्तरकीच्या बाजूला! झूलनंतर हिंदू ही पुढची कादंबरी यायला तर २०१० उजाडलं. ज्ञानपीठ २०१४ चं.

चहाटळ_बाई:
साहित्याचे प्राध्यापक हवेतच कशाला, रंगनाथ पठारे आणि श्याम मनोहर हे कादंबरीकार दोघंही फिजिक्स शिकवायचे.

पेठेतला_पाहुणा:
थँक्स लोक्स. ‘वळले’ खोडलं. सीएचबी_कामगार, ती झूल रविवारी घेऊन येता का? दाखवून लगेच परत देतो, काकूंच्या हातात नाही पडू देणार.