हळद चालेल, पण थेंब सोडू नका

सासऱ्यांना काचबिंदू आहे, रोज हळदीचं दूध दिलं तर डोळ्यातले थेंब बंद करता येतील का, असं वर एका ताईंनी विचारलंय. ताई, थेंब अजिबात बंद करू नका. माझ्या आईलाही काचबिंदू आहे, म्हणून कळकळीनं लिहितेय.

डोळ्यातून मेंदूकडे जाणाऱ्या नसेत साधारण १० ते १२ लाख तंतू असतात. ते ज्या पेशींतून निघतात त्या काचबिंदूत हळूहळू मरतात, आणि एकदा मेल्या की पुन्हा येत नाहीत. हळदीतलं कर्क्युमिन उंदरांवरच्या प्रयोगांत या पेशींना वाचवताना दिसलंय, हे खरं. पण खाल्लेलं कर्क्युमिन रक्तात फारच थोडं उतरतं. मिऱ्यानं शोषण वाढतं, तरी कपभर दुधातून डोळ्याच्या पडद्यापर्यंत कितीसं पोचणार?

गिंको या झाडाच्या पानांच्या अर्काचंही तसंच. २००३च्या इटलीतल्या एका छोट्या अभ्यासात रुग्णांचं दृष्टिक्षेत्र, म्हणजे नजर स्थिर ठेवून आजूबाजूचं जेवढं दिसतं ते, सुधारलं, २०१४ मध्ये चिनी रुग्णांवर तोच प्रयोग केला तर फरक दिसला नाही. शिवाय रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर गिंकोनं रक्तस्रावाचा धोका वाढू शकतो. सासऱ्यांना ती असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

डोळ्यातला दाब कमी ठेवणं हाच आज सिद्ध झालेला उपाय आहे, आणि थेंब तेच काम करतात. आमच्याकडे इंदूरला आई सियागंज बाजारातून आणलेली हळद दुधात घालून रोज पिते, मीही अडवत नाही. पण संध्याकाळी देवापुढे दिवा लावला की आधी थेंब, मग दूध. आणि ताई, तुमच्या यजमानांच्याही डोळ्यांतला दाब तपासून घ्या, हा आजार घराण्यात चालतो.